जपानी टर्बो गाडीचा सायलेन्सर : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने सायलेन्सरवर लेख लिहावा, हे ऐकून आमच्या वार्षिकांकाच्या संपादक-मॅडमही क्षणभर थबकल्या. पण सायलेन्सर हा शब्द मी बहुधा मुळाक्षरांच्या आधीच शिकलो असेन. हमरस्त्याला लागून वडिलांचे वेल्डिंगचे पत्र्याचे दुकान आहे. ट्रक, ट्रॅक्टर आणि ऊसवाहतुकीच्या गाड्यांचे फुटके सायलेन्सर सांधणे हा त्यांचा पंचवीस वर्षांचा उद्योग. त्यांची शाळा सातवीत सुटली. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून इंग्रजी कागद आला की तो वाचण्याचे काम आपोआप माझ्याकडे येते.

असेच काही कागद गेल्या दिवाळीत चुलतभावाने शारजाहून मोबाईलवर पाठविले. दादा तिथे एका गॅरेजमध्ये कामाला आहे. त्याने आणि त्याच्या खोलीतल्या दोन मित्रांनी मिळून एक जुनी गाडी घेतली : सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, २००६ सालची, अडीच लिटरचे टर्बो इंजिन असलेली. आता तिला कंपनीचा सायलेन्सर काढून बाहेरचा, ‘स्पोर्ट्स’ म्हणतात तसा, बसवायचा होता. “तू वाच आणि कुठला घेऊ ते सांग,” असे त्याने कळविले. दुसऱ्याच दिवशी काकूंचा फोन आला. दादाच्या वाट्याची रक्कम घराच्या स्लॅबसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून जाणार होती. “बाबा रे, नीट बघून सांग त्याला,” एवढेच त्या म्हणाल्या. अर्थशास्त्राच्या पेपरालाही मी इतका घाबरलो नव्हतो.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू वाया जाऊ न देता त्यावर एक पाते फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पात्याने ताजी हवा इंजिनात दाबून भरावी, ही ती कल्पना. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. भरधाव गाडीत हे पाते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, आणि त्यावर येणारा वायू आठ-नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. इथपर्यंत भौतिकशास्त्राच्या मित्राने मला सोपे करून सांगितले.

अडचण पुढे आली. वडील म्हणाले, “मागून थोडा दाब लागतोच. पाईप फार मोकळा केला की गाडी ओढत नाही.” गॅरेजच्या धंद्यात हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. उलट दादाने पाठविलेल्या कॅटलॉगमध्ये लिहिले होते की मागचा दाब जितका कमी तितके बरे. खरे कोणाचे? मला आठवडाभर वाटले की दोघांपैकी एक नक्की चुकतो आहे. मग कळले की दोघे वेगवेगळ्या इंजिनांविषयी बोलत होते. साध्या इंजिनात जळका वायू झटक्याझटक्याने बाहेर पडतो. पाईप योग्य मापाचा असला की पुढचा झटका मागच्याला ओढून नेतो आणि सिलिंडर स्वच्छ रिकामा होतो. पाईप नको तेवढा रुंद केला तर वायूचा वेग मंदावतो आणि ही ओढ जाते. म्हणजे फायदा दाबाचा नसून वेगाचा असतो. वडिलांचा अनुभव खरा, फक्त कारणाचे नाव वेगळे. टर्बोच्या गाडीत मात्र ते झटके टर्बोच्या पात्यावर आदळून बहुतांशी मोडतात. पात्याला फिरविणारी गोष्ट म्हणजे त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक. पलीकडची वाट मोकळी झाली की पाते लवकर गती घेते.

इथून निवडीचा खरा प्रश्न सुरू होतो. ‘एक्झॉस्ट’ या एका शब्दात तीन-चार निरनिराळे भाग दडलेले असतात. टर्बोला चिकटून खाली उतरणारा तो डाऊनपाईप. त्यात किंवा त्याच्या लगेच पुढे धूर शुद्ध करणारे कॅटॅलिस्ट असते. पुढे मधला पाईप आणि सर्वांत शेवटी मफलर, म्हणजे लोकांना दिसणारे ते चकचकीत तोंड. कॅटॅलिस्टच्या मागचा सारा भाग विकला जातो तो ‘कॅट-बॅक’, आणि टर्बोपासून शेवटपर्यंतचा तो ‘टर्बो-बॅक’. या गाडीत सर्वांत मोठा अडथळा टर्बोच्या तोंडाशी, डाऊनपाईप व कॅटॅलिस्टमध्ये असतो. म्हणजे जो भाग कोणाला दिसत नाही आणि ज्याचे तोंड कोणी पुसत बसत नाही, त्यात ताकद दडलेली आहे. मागचा मफलर बदलून मुख्यतः आवाज बदलतो. दादाला हे पटायला दोन फोन लागले, कारण त्याच्या मित्रांनी मफलरचा रंगसुद्धा ठरविला होता.

मग सरळ डाऊनपाईपच का बदलू नये? इथे धोका आहे, आणि कॅटलॉगमध्ये त्याबद्दल अगदी बारीक अक्षरात लिहिलेले असते. टर्बोने हवा मर्यादेबाहेर भरू नये म्हणून त्यात वेस्टगेट नावाची एक झडप असते. ती जादा वायू पात्याला वळसा घालून सोडून देते. मागची वाट एकदम मोकळी झाली की ही छोटी झडप अपुरी पडू शकते आणि हवेचा दाब ठरविलेल्या आकड्याच्या वर चढत जातो. गाडीचा संगणक मात्र जुन्याच हिशेबाने पेट्रोल देत राहतो. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले की इंजिनात ठोका बसू लागतो. सुबारूच्या या अडीच लिटर इंजिनात पिस्टनवरचा कंगोरा, ज्यात रिंगा बसतात, अशा ठोक्यांनी तुटतो. हे त्याचे जगभर माहीत असलेले दुखणे आहे. म्हणून डाऊनपाईप घ्यायचा तर त्याबरोबर संगणकातील मांडणी जाणकाराकडून नव्याने करून घेण्याचा खर्च धरलाच पाहिजे. नुसता पाईप स्वस्त पडतो, पण इंजिन उघडायची वेळ आली तर स्लॅबच काय, भिंतीही जातील.

कॅटॅलिस्टचे काय करावे, यावर तिघा मित्रांत भांडण झाले. त्याच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम यांचा लेप असतो. कार्बन मोनॉक्साईड, न जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साईडे यांचे रूपांतर तो कमी घातक वायूंत करतो. ते काढून टाकले की गाडी मोकळी धावते, हे खरे. याच गाडीच्या इतिहासात त्याला आधारही सापडतो. अमेरिकेत २००२ ते २००५ या काळात विकल्या गेलेल्या डब्ल्यूआरएक्समध्ये टर्बोच्या आधीच्या पाईपातही एक छोटे कॅटॅलिस्ट होते. ते फुटले तर तुकडे थेट टर्बोच्या पात्यात जात. २००६ पासून कंपनीने ते काढले. पण यावरून मागचेही काढावे असे ठरत नाही. अमेरिकेत प्रदूषणरोधक साधन काढणे कायद्याने गुन्हा आहे. आखातात दर वर्षी नोंदणीसाठी तपासणी होते, आणि आवाज करणाऱ्या गाडीला दंड होऊन चालकाच्या नावावर काळे गुणही जमा होतात. परदेशात व्हिसावर राहणाऱ्या माणसाने पोलिसांच्या वहीत नाव घालून घेण्यात काय शहाणपण आहे? वायू सहज जाऊ देणारी, विरळ जाळीची कॅटॅलिस्टे मिळतात. ती महाग असली तरी मला तीच योग्य वाटतात.

आता मापाविषयी. कंपनीच्या पाईपाऐवजी अडीच इंची की तीन इंची, असा पर्याय असतो. अर्ध्या इंचाने काय होते, असे मलाही वाटले होते. पण वायू वाहतो तो क्षेत्रफळातून. अडीचचा वर्ग सव्वासहा, तिनाचा नऊ. म्हणजे वाट ४४ टक्क्यांनी वाढते. या गाडीला तीन इंच भरपूर झाले. त्याहून जाड पाईप म्हणजे वजन, आवाज आणि खालून खडखड.

या बाबतीत वडिलांनी मला कॅटलॉगपेक्षा जास्त शिकविले. ते पाईप वाकविताना त्यात वाळू ठासून भरतात, दोन्ही तोंडे बंद करतात आणि मग तापवितात. नाहीतर वळणावर पाईप चेपतो आणि तीन इंचाचा तिथे अडीचच उरतो. “वळण बघ, वळणावर गोल आहे का?” हे त्यांचे पहिले वाक्य. कारखान्यात हेच काम पाईपाच्या आत दांडा घालून करतात, त्याला मँड्रेल बेंड म्हणतात. दुसरे, फ्लँज जाड आणि सपाट हवा. तिसरे, इंजिन हलते म्हणून मध्ये लवचीक जोड हवाच. धातूसाठी त्यांनी जुन्या स्पीकरचे चुंबक दाखविले. ४०९ जातीच्या स्टेनलेसला ते चिकटते. ३०४ ला, ज्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, ते चिकटत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत ३०४ टिकते. टायटॅनियम फारच हलके, पण त्याची किंमत वाचून वडील नुसते हसले.

आवाजाबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे. सुबारूचा तो गुरगुरता, अडखळता आवाज जगभर प्रसिद्ध आहे. कॉलिन मॅक्रेने १९९५ साली या गाडीवर जागतिक रॅलीचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हापासून तर फारच. पण तो आवाज सायलेन्सरचा नाही. समोरासमोर आडव्या सिलिंडरांतून टर्बोपर्यंत येणाऱ्या नळ्यांची लांबी असमान असल्याने झटके विषम अंतराने पोचतात, त्याचा तो आवाज. पुढे जपानी बाजारातल्या एसटीआय मॉडेलांत समान लांबीच्या नळ्या आल्या आणि आवाज सपाट झाला. अभियंत्यांनी जे सुधारले, त्याच्याच आठवणीने लोक हळहळतात! दादाच्या गाडीत मूळ आवाज होताच. मफलरने तो फक्त किती ऐकू द्यायचा एवढेच ठरवायचे होते.

जपानी कंपन्यांची मला एक गोष्ट आवडली. १९८९ ते २००४ पर्यंत तिथल्या कारखानदारांनी आपसांत ठरवून गाड्यांची जाहीर ताकद २८० अश्वशक्तीच्या पुढे नेली नाही. त्यामुळे इंजिनातली शिल्लक ताकद बाहेर काढणारा मोठा धंदाच तिथे उभा राहिला. १९७३ साली स्थापन झालेली एचकेएस ही त्यांतली एक जुनी कंपनी. पण हे लोक आपल्या कॅटलॉगमध्ये अश्वशक्तीबरोबर डेसिबलचा आकडाही छापतात, कारण ‘शाकेन’ या सरकारी तपासणीत गाडी पास व्हावी लागते. तिथे बराच काळ मोटारीच्या सायलेन्सरला जवळून मोजून ९६ डेसिबलची मर्यादा लावली गेली. डेसिबलचा आकडा दहाने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. आपल्याकडे बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात, ती छायाचित्रे आपण पाहतो. पण विकत घेताना डेसिबल किती, असे विचारणारा गिऱ्हाईक मी दुकानात अजून पाहिलेला नाही.

वडिलांना डाव्या कानाने आता जवळजवळ ऐकू येत नाही. दादाने मोबाईलवर निरनिराळ्या सायलेन्सरांचे आवाज पाठविले, ते मी त्यांच्या उजव्या कानाशी धरले. ते म्हणाले, “आवाज राहू दे. वेल्ड दाखव.”

शेवटी मी दादाला असे कळविले : आधी दाब दाखविणारा काटा बसवून गाडी आज कशी चालते ते पाहा आणि जुन्या पाईपातली गळती काढ. आवाजच हवा असेल तर ३०४ चा, तीन इंची, मध्ये आवाज शोषणारा डबा असलेला कॅट-बॅक घे. तो डबा नसला तर लांबच्या रस्त्यावर एका ठरावीक वेगाला डोके घुमते. डाऊनपाईप संगणकाच्या कामासाठी पैसे जमतील तेव्हा, कॅटॅलिस्टसह.

त्याने एक वापरलेला जपानी कॅट-बॅक निम्म्या किमतीत मिळविला आणि फोटो पाठविला. वडिलांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि टांगणीच्या कडीजवळच्या एका सांध्यावर बोट ठेवले. तिथे वेल्ड वरवरचा होता. दादाने बसविण्यापूर्वी तो आपल्या गॅरेजमध्ये पुन्हा भरून घेतला. डाऊनपाईपवरून तिघांचे अजून एकमत झालेले नाही.