आराखडा जुना होतो

आपत्ती सांगून येत नाही, असे आपण सहज म्हणतो. भूकंपाच्या बाबतीत ते खरे आहे. कृष्णेचा पूर मात्र बहुधा सांगून येतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. सखल वस्तीत तर त्याआधीच पाणी शिरते. तेव्हा काय करायचे हे ऐन वेळी ठरवण्यापेक्षा नदीकाठच्या प्रत्येक कुटुंबापाशी लेखी आराखडा असावा आणि तो दरवर्षी तपासावा, असे माझे मत आहे.

दरवर्षी कशासाठी? कारण आराखडा नेहमी मागच्या पुरावरून केलेला असतो. २००५ साली सांगलीत पाणी ५३ फुटांच्या वर गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढले. पहिल्या पुराची खूण पाहून फळीवर ठेवलेले धान्य दुसऱ्या पुरात सुरक्षित राहील, असे कसे म्हणावे? त्याच २०१९ च्या पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गच्च भरलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. बोटीची वाट पाहण्याची वेळच येऊ नये, हा आराखड्याचा पहिला हेतू होय.

पाण्याप्रमाणे घरही बदलते. मागच्या वेळी आपल्या पायांनी जिना चढलेल्या आजीला आता उचलून न्यावे लागते. भाऊ शिक्षणासाठी परगावी असतो. मग दावणीची जनावरे कोण सोडणार? ज्यांच्याकडे जायचे ठरले होते, त्या पाहुण्यांनी बिऱ्हाड बदललेले असते. डब्यातल्या गोळ्यांची मुदत संपलेली असते.

म्हणून मृग लागण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून चार गोष्टी ठरवाव्यात : पाणी कोठवर आले की घर सोडायचे, कोणत्या वाटेने कोठे जायचे, कोणी कोणाला सांभाळायचे आणि ताटातूट झाल्यास परगावच्या कोणत्या नातेवाइकाला कळवायचे. त्याचा क्रमांक, तसेच ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, कागदावर लिहावेत. वीज गेली की मोबाईलचा भरवसा नसतो. शिधापत्रिका, सातबारा, बँकेचे पुस्तक व औषधे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावीत. कागदावर त्या दिवसाची तारीख घालावी.

गेल्या वर्षी घर शाकारले होते, म्हणून यंदा कौलांकडे न पाहणारा माणूस शहाणा ठरत नाही. आराखड्याचेही तसेच आहे.