परसबागेत जागा कमी नसते, ती रिकामी राहते



दसरा झाला, पाऊस ओसरला. भात कापणीची घाई सुरू व्हायच्या आत दोन दिवस काढून परसबाग मांडून घ्या. बऱ्याच ताई म्हणतात, "घरामागं जागाच कुठंय?" म्हणून आजचा सल्ला फक्त १० बाय २० फुटांचा आहे. म्हणजे २०० चौरस फूट, गुंठ्याचा पाचवा हिस्सासुद्धा नाही.

राष्ट्रीय पोषण संस्था माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी खायला सांगते. चौघांच्या घराला रोज १ किलो ६०० ग्रॅम झाली. एवढी सगळी या जागेत निघणार नाही. पण पालेभाजी, मिरची, वांगी-टोमॅटो यासाठी बाजाराची वाट बघावी लागणार नाही. अट एकच: कुठलाही तुकडा रिकामा ठेवायचा नाही.

*१) आखणी*
लांब बाजू पूर्व-पश्चिम धरा.
- उत्तरेकडे २ फुटांची पट्टी वेलांसाठी
- मग १ फूट वाट
- मग ३ फुटी वाफा
- परत १ फूट वाट
- परत ३ फुटी वाफा
थंडीत सूर्य दक्षिणेला झुकतो, त्यामुळे मांडव उत्तरेला असला की सावली भाजीवर पडत नाही. ३ फुटी वाफ्यात वाटेवरून हात पोचतो, आत पाय द्यावा लागत नाही, माती भुसभुशीत राहते. वाफे आत्ताच वीतभर उंच करा. आपल्याकडच्या पावसात सपाट वाफ्यात पाणी साचून मुळं कुजतात.

*२) आठ तुकडे*
दोन्ही वाफ्यांचे ५-५ फुटांचे चार-चार तुकडे पाडा. प्रत्येकात दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण नको, हुमणी येते.
- वांगी, टोमॅटो, मिरची: एक-एक तुकडा
- पालक: एक तुकडा. उपटू नका, कापून घ्या, परत फुटतो.
- मेथी, शेपू, कोथिंबीर: चार तुकडे

*३) दर १० दिवसांनी एकच तुकडा पेरा*
इथंच जास्त चूक होते. पुडी फोडली की सगळं बी एकाच दिवशी टाकतो. मग एका आठवड्यात भाजी खाऊन संपत नाही आणि पुढं महिनाभर काहीच नाही. या भाज्या ३० ते ४० दिवसांत निघतात. चार तुकडे १०-१० दिवसांनी पेरले की चौथा पेरून १० दिवस होतात तोवर पहिला मोकळा होतो. तो त्याच दिवशी परत पेरायचा. काढणी सकाळी, पेरणी संध्याकाळी.

*४) रोपं बाहेर वाढवा*
वांगी-मिरचीचं बी थेट वाफ्यात टाकलं तर महिना-सव्वा महिना जागा अडते. नारळाच्या करवंट्या, दुधाच्या रिकाम्या पिशव्या (खाली भोक पाडून) वापरा. आधीचं पीक निघेपर्यंत पुढचं रोप तयार पाहिजे.
तुकड्यात वांग्याची चारच रोपं बसतात. मधली जागा पहिला महिना मोकळी असते, तिथं मुळा किंवा मेथी घ्या. वांगं पसरेपर्यंत ती निघून जाते.

*५) एक मांडव, तीन हंगाम*
आत्ता घेवडा लावा. जानेवारीअखेर घेवड्याचे शेवटचे तोडे चालू असतानाच बुडाशी दोडका, कारली टोका. पावसाळ्यात काकडी, दुधी. मांडव रिकामा राहत नाही आणि बांबूचा खर्च एकदाच.

*६) पाणी*
मार्चनंतर बऱ्याच वाड्यांवर पाण्याची ओढ असते. न्हाणीचं, भांड्याचं पाणी वाया घालवू नका. खड्ड्यात दगड, खडी, वाळू भरा, कडेनं कर्दळ लावा आणि त्यातून आलेलं पाणी अळू-केळीला सोडा. साबणाचं पाणी पालेभाजीला मात्र देऊ नका.

*७) औषध: हे नीट वाचा*
भातावरचं उरलेलं कीटकनाशक परसबागेत *अजिबात* मारायचं नाही. पालेभाजी चार दिवसांत पोरांच्या ताटात जाते. मावा-तुडतुडे दिसले तर ५० ग्रॅम निंबोळी पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फवारा. किडकी फळं, पानं तोडून पुरून टाका.

*८) बी घरचं*
अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालचा पद्मश्री मिळाला तो गावरान बियाणं जपल्याबद्दल. तो भागही आपल्यासारखाच, डोंगराचा, भाताचा. त्यांच्या संग्रहात घेवड्याचे, वालाचे कितीतरी वाण आहेत. आपल्याही घराघरात म्हातारीनं गाडग्यात राखून ठेवलेला घेवडा असतो, तोच लावा. पहिल्या बहरातल्या निरोगी शेंगा वेलावरच वाळू द्या, बी राखेत घोळवून ठेवा. संकरित वाणाचं बी मात्र धरू नका, पुढच्या वर्षी तसंच येत नाही.

*या आठवड्याचं काम:* आखणी, शेणखत, पालक आणि पहिल्या तुकड्यात मेथी. वांगी, टोमॅटो, मिरचीचं बी करवंट्यांत टाका. ही रोपं तयार होईपर्यंत त्यांच्या तीन तुकड्यांतही मेथी-मुळा घ्या.

जागा यापेक्षा कमी असेल तर लांबी-रुंदी आणि ऊन कुठल्या बाजूनं येतं ते व्हॉइस मेसेजनं कळवा, आखणी सांगतो. वाफ्याचा फोटो ग्रुपवर जरूर टाका, बघून शेजारचाही लावेल.

आपला,
कृषी सल्लागार,
शेतकरी उत्पादक कंपनी, भोर-वेल्हे