गंजलेला टिलर कागदावर काढताना



पोफळीतल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. घराच्या मागे टाकळ्यात अर्धा बुडालेला पॉवर टिलर दिसला. गटानं कर्ज काढून घेतलेला. हप्ते फिटले, पण टिलर तीन पावसाळे जागचा हललेला नाही. विषय काढला की सगळ्या गप्प. मग मी म्हटलं, बोलू नका, याचं चित्र काढा.

"आम्हाला कुठं चित्र येतं?" हे आलंच. लोखंडी नांगर बनवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार व्हायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते सोडावं लागलं. मग ते यंत्रांची रेखाचित्रं शिकले, शिकवलीही. आणि ज्यांना रांगोळी येते त्यांनी तर ही सबब सांगूच नये.

आता कसं काढायचं ते सांगते. आधी काठीनं गवत झोडा, जनावर असू शकतं. गंजलेल्या पात्याला हात लावू नका. दहा पावलं लांब बसा आणि थोडा वेळ नुसतं बघा. मग कोळशानं मोठे आकार घ्या. इंजिन म्हणजे खोका. चाक बाजूनं पाहिलं तर गोल, तिरकं पाहिलं तर अंड्यासारखं. आपल्याला चाक गोल असतं हे माहीत असतं, म्हणून हात गोलच काढतो. डोळ्यांना दिसतं तेच काढा.

गंज एका रंगाचा नसतो. नवा गंज नारिंगी, त्याला गेरूत हळद. जुना काळपट, त्याला गेरूत कोळशाची पूड. रंग धरायला डिंकाचं पाणी. जिथं जुनं तेल राहिलंय तिथं गंज नाही, तो भाग काळाच ठेवा. पाणी साचतं तिथं गंज जास्त, हे रंगवताना आपोआप कळतं. टाकळ्याचं पान कागदावर घासलं तरी हिरवा उतरतो, पण पुढे तो विटतो.

टिलर एकटा काढू नका. मागं कुंभार्लीचा डोंगर येऊ दे, बाजूला माणूस येऊ दे, म्हणजे यंत्राचा आकार कळतो.

गंमत इथंच झाली. एका ताईनं स्वतःला टिलरशेजारी काढलं, तर मूठ तिच्या छातीशी आली. "चिखलात हे वळवताना खांदे जातात," ती म्हणाली. दुसरीनं फक्त तुटलेला पट्टा काढला. तिसरीच्या चित्रात टिलर चालवणारा बाप्या होता. मग बोलणं सुरू झालं. चालवायचं प्रशिक्षण एकीलाही मिळालं नव्हतं. ज्याच्या हातात टिलर, त्याच्याकडून भाडं मागायचं कुणी, हे ठरलंच नव्हतं. मी मात्र वर्षभर फक्त हप्त्याचं रजिस्टर तपासत होते!

भंगारवाल्याचा भाव आला होता, तो गटानं तूर्त थांबवलाय. आधी मेकॅनिक बोलवून खर्च विचारायचा. दोघी चालवायला शिकणार आहेत. भाड्याचा दर ठरावात लिहायचा, घरच्यांनाही तोच.

तुमच्याकडे असं काही पडून असेल, भातझोडणी यंत्र, पंप, काहीही, तर पुढच्या बैठकीत अर्धा तास त्याच्यासमोर बसा. कागदामागं तारीख आणि गटाचं नाव घाला. प्रभागसंघाच्या बैठकीला चित्रं घेऊन या, भिंतीला लावायला जागा ठेवते.