सिद्धगडाहून कलिन्याला: काय करावे, काय टाळावे

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या नारिवलीतून त्याच्या कलिन्याच्या संकुलात, म्हणजे विद्यानगरीत, जायचं तर आजही आधी एस.टी.नं मुरबाड, मग कल्याण, मग लोकल. मुरबाडला रेल्वे नाही. शेजारच्या शहापूरकरांना निदान आसनगाव स्टेशन आहे.

काय करावे

- बारावीच्या निकालाची वाट न बघता जातीचा, उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल काढून ठेवा. गुणपत्रक, आधार आणि पासबुक यांवर नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज एवढ्याशा कारणानं अडकतो.
- आदिवासी मुलामुलींनी शहापूरचं प्रकल्प कार्यालय गाठावं. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेत राहण्याजेवणाचे पैसे खात्यात येतात. हप्ता वेळेवर येईलच असं मात्र धरून चालू नका. पहिले काही महिने निभतील एवढी सोय घरून करून निघा.
- हवा तो कोर्स ठाण्याच्या किंवा कल्याणच्या उपकेंद्रात आहे का, आधी चौकशी करा.
- कलिन्याच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयाचं कार्ड लगेच काढा. एका खोलीत चौघं राहत असाल तर अभ्यासाची जागा तीच.
- पेपर मराठीतून लिहिता येतो का, ते विभागात विचारा. कला शाखेच्या बऱ्याच विषयांत येतो. न विचारता वर्षभर मान खाली घालून बसणारे आपलेच जास्त.

काय टाळावे

- रोजची ये-जा. घरचे म्हणतात, पास स्वस्त आहे, कशाला खोली? पण नुसत्या लोकलमध्येच आसनगाव ते सीएसएमटी दोन तास जातात. कसाऱ्याकडच्या गाड्या मोजक्या. एक चुकली की बसा फलाटावर. मुरबाडच्या आत राहणाऱ्याची तर शेवटची एस.टी.च निघून जाते. दिवाळीपर्यंत उत्साह टिकतो, नंतर सकाळची लेक्चरं सुटू लागतात. माझं मत विचाराल तर कर्ज काढा, पण कॉट बेसिसवर का होईना, तिकडेच राहा.
- विद्यानगरी ऐकून विद्याविहारला उतरणं. कुर्ल्याला उतरा, पश्चिमेकडून बस किंवा शेअर रिक्षा मिळते.
- फॉर्म भरून देणाऱ्या ‘ओळखीच्या माणसा’ला ओटीपी सांगणं.
- केटी, म्हणजे राहिलेला विषय, घरी लपवणं. गावात कळतंच.
- वेळापत्रक न बघता गावी पळणं. भाताच्या लावणीला माणूस कमी पडतो आणि नेमकी तेव्हाच लेक्चरं सुरू होतात. ७५ टक्के हजेरीचा नियम लावणीला सूट देत नाही. २ जानेवारीला मात्र सिद्धगडावर जरूर या. १९४३ साली त्याच दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांविरुद्ध लढताना इथं हुतात्मा झाले. भाई तर शिकलेसवरलेले वकील. फक्त त्या आठवड्यात व्हायवा नाही ना, हे नोटीस बोर्डावर बघून मगच एस.टी. धरा.