आयक्यू : मोजपट्टी कुणाची?

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. 'अमुक देशाचा आयक्यू इतका, अमुक धर्माचा तितका' यावरून आमच्या हॉस्टेलवर एकदा जोरात वाद झाला. मीही आकड्यांच्याच बाजूने होते. मग जरा वाचलं.

१९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने यांनी अशी चाचणी बनवली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून मदत करण्यासाठी. देशांचे नंबर लावायला नव्हे! पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १७ लाख सैनिक तपासले. प्रश्नांत बेसबॉल आणि तिथल्या बाजारातल्या वस्तू! इटली, पोलंड, रशियाहून आलेले साहजिकच मागे पडले. १९२३ मध्ये कार्ल ब्रिगम यांनी याचं खापर वंशावर फोडलं. 'ज्यू हुशार असतात' हा समजही खोटा ठरवला. खरं तर त्याच आकड्यांत दिसत होतं की अमेरिकेत जितकी वर्षं जास्त, तितके गुण जास्त. वंश काय २० वर्षांत बदलतो? १९३० मध्ये ब्रिगमनी स्वतःच निष्कर्ष मागे घेतला. पण १९२४ च्या कायद्याने या लोकांसाठी अमेरिकेचं दार जवळजवळ बंद झालं होतं.

एकाच वर्गात, सारखं शिकलेल्यांत आयक्यू काहीतरी सांगतो, हे मान्य. पण एकीकडे कॅलिब्रेट केलेला मीटर दुसरीकडे लावला तर रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही, हे आपण लॅबमध्येच शिकतो ना?

माझी रूममेट मराठी माध्यमाची. इंग्रजी शब्दांनी भरलेल्या अॅप्टिट्यूड टेस्टमध्ये तिला माझ्यापेक्षा कमी मार्क पडले. सर्किट मात्र अजून तीच मला समजावते!