सालवनात पाऊल ठेवणाऱ्या पोरीसाठी चार कानमंत्र

पोरी, बैहरकडच्या बीटावर वनरक्षक म्हणून रुजू होते आहेस. गोंदियाकडचं आपलं रान सागाचं. तिकडे बालाघाट-मंडल्याच्या डोंगरात सालाचं राज्य, तिथली माणसं त्याला सरई म्हणतात. सागाची अक्कल सालाला जशीच्या तशी लावू नकोस. या झाडापाशी काही कामं आठवड्यात उरकावी लागतात, तर काहींसाठी दहा-पंधरा वर्षं गप्प बसावं लागतं. घाई कुठे आणि थांबायचं कुठे, हे कळलं की निम्मं सालवन कळलं. उरलेलं निम्मं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कळेल.

बी पडलं की हातातलं काम टाक

साल चैत्रात फुलतो. मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत पंख असलेलं बी भिरभिरत खाली येतं. सागाचं बी पोत्यात भरून वर्षभर ठेवता येतं, सालाचं बी मात्र आठवड्याभरात मरतं. वाळलं की संपलंच. म्हणून पेरणीसाठी हवं असेल तर ताजं, जड, हिरवट बी वेच आणि दोन-तीन दिवसांत मातीत घाल. त्याला अंगाखाली उघडी माती लागते. पाचोळ्याचा जाड थर असेल तर कोंब फुटतो, पण मुळी मातीपर्यंत पोचत नाही. उन्हाची एक तिरीप आली की कोंब करपतो. बी पडायच्या आधी मोकळ्या जागांतला पाचोळा नुसता दाताळ्याने उसकटून ठेव. पाणी साचतं तिथे पेरू नकोस. सालाच्या मुळाला हवा लागते, चिखलात ते कुजतं.

पिशवीतली रोपं नेऊन लावण्याची फार हौस धरू नकोस. सालाचं सोटमूळ खोल जातं, ते दुखावलं की रोप रुसतं. जागेवर पेरणं केव्हाही बरं. नव्या जागी पेरायचं असेल तर परवानगीने जुन्या सालाखालची ओंजळभर माती आणून खड्ड्यात घाल. त्या मातीतली बुरशी सालाच्या मुळाशी जोडली जाते आणि त्याला अन्नपाणी मिळवून देते.

मेलेल्या रोपाला मेलेलं म्हणू नकोस

पावसाळ्यात बीटभर रोपं दिसतील आणि उन्हाळ्यात सगळी वाळलेली. नवा माणूस इथेच घाबरतो आणि वरच्यांना कळवतो की पुनरुत्पत्ती नाही. तू घाबरू नकोस. सालाचं रोप वरून वाळतं आणि खालून जाड होत जातं. दरवर्षी शेंडा मरतो, दरवर्षी बुडातून नवा फुटतो. असं कित्येक वर्षं, कधी दहा वर्षांच्या वर चालतं. मुळात पुरेसं बळ साठलं की एका पावसाळ्यात ते झपाट्याने उंच होतं आणि मग मागे वळून पाहत नाही. म्हणून मोजणी करताना शेंड्याची उंची पाहू नकोस. बुडाशी बोटांनी माती सारून खोडाची जाडी बघ. अंगठ्याएवढं बूड हाताला लागलं तर त्या जागेवर कुदळ चालवू देऊ नकोस.

अशा रोपांना ऊन हवं, पण हळूहळू. वरची झाडं एकदम मोकळी केलीस तर गवत आणि घाणेरी माजते आणि थंडीत दव गोठून कोवळे शेंडे जळतात. कान्ह्याच्या खोलगट कुरणांत साल पुढे सरकत नाही, त्यात या गोठत्या थंडीचाही वाटा आहे. आधी घाणेरी मुळासकट काढ, मग वरची सावली थोडी कमी कर, दोन-तीन पावसाळे बघ, मग आणखी.

आगीचा हिशोब जागेप्रमाणे

जुन्या वनअधिकाऱ्यांनी बंगाल-आसामच्या दमट सालवनांत आग पूर्ण बंद केली तेव्हा खाली सदाहरित झुडपांचं दाट रान माजलं आणि सालाचं बाळ उगवेना. शेवटी तिथे हलका, ताब्यातला जाळ पुन्हा द्यावा लागला. तुझ्या बीटावर गोष्ट उलटी आहे. तिथलं रान कोरडं. दरवर्षीचा वणवा मुळात साठलेलं बळ खाऊन टाकतो. मार्चच्या आधी जाळरेषा साफ झालीच पाहिजे. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखाली पेटवण्याची सवय अनेक गावांत आहे. त्यांना धमकावू नकोस. झाडाखालचा पाला झाडून घ्या, जुनी लुगडी किंवा जाळी अंथरा, फुलं स्वच्छ मिळतील आणि भावही बरा येईल, हे बायकांना समजावून सांग. ऐकतील.

पहिल्या पावसात किड्यावर नजर

सालाचा खरा वैरी म्हणजे सालबोरर. 1997 च्या सुमारास मंडला-डिंडोरीकडे त्याने लाखो झाडांना पोखरलं. त्याआधी 1920 च्या दशकातही या मुलखात अशीच साथ येऊन गेली होती. लांब मिशांचा हा तपकिरी भुंगा पहिल्या दमदार पावसाबरोबर लाकडातून बाहेर येतो आणि सालीखाली अंडी घालतो. अळी आधी साल, मग लाकूड पोखरत गाभ्यापर्यंत जाते. पावसाळा सरता सरता झाडाच्या बुडाशी भुश्याचा ढीग दिसतो, खोडावर राळ ओघळते, शेंडा पिवळा पडतो.

तुझं काम मात्र त्याआधीचं आहे. ताज्या सालीच्या रसाचा वास या भुंग्याला लांबून ओढतो. म्हणून तोडलेला किंवा वादळात पडलेला साल पाऊस लागण्यापूर्वी रानाबाहेर काढ. नाही जमलं तर साल सोलून टाक. साथीची चाहूल लागली तर सापळ्याची जुनी रीत वापरतात. निवडक साल पाडून ओंडके करायचे, टोकांची साल ठेचून रस वाहता करायचा, सावलीत ठेवायचं. भुंगे रस प्यायला येतात, गुंगतात आणि हाताने वेचता येतात. रोज वेचायचे, मारायचे, आणि ओंडका वाळला की पुन्हा ठेचायचा. यात एक आठवडा चुकला तर पुढलं वर्ष चुकतं.

घ्यायचं तेवढं घ्या, शेंडा सोडा

साल लोकांना देतो म्हणूनच लोक सालाला राखतात. वनहक्क कायदा 2006 ने गौण वनोपजावर रानातल्या माणसांचा हक्क मान्य केला आहे. तो तोंडपाठ कर, आणि ग्रामसभेत बसून नियम त्यांच्याच तोंडून ठरवून घे.

पत्रावळी-द्रोणासाठी पान पुरतं वाढलेलं, जून घ्यावं, कोवळं नाही. खुंटावरच्या फुटव्यांची पानं खुडावीत, वाढत्या रोपाचा शेंडा कधीच नाही.

बी वेचतात ते तेलासाठी. या बियांचा मेद घरात थिजतो. युरोपात चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याबरोबर जे सहा वनस्पती-मेद थोड्या प्रमाणात चालतात, त्यांत साल आहे आणि आपलं कोकमही. तेव्हा या बियांना कमी लेखून व्यापारी भाव पाडत असेल तर बायकांना आधारभूत किंमत माहीत असू दे. मात्र रस्ता, शेत, अंगण इथलं बी वेचायचं. रानातल्या मोकळ्या जागांखालचं रानाला ठेवायचं.

राळ आपल्या घरात भेगांच्या मलमात आणि धुपात असते. तिच्यासाठी खोडाला खोल खाचा पाडणं बंद ठेव. जखमी झाड बोररचं पहिलं गिऱ्हाईक.

पहिल्या सरींनंतर सालाखाली बोडा येतो, मातीतच वाढणारं गोल अळंबं. बाजारात त्याला मटणाहून जास्त भाव मिळतो. काठीने माती हलकेच उकरावी, कुदळ घालू नये, पाला परत सारावा. हे अळंबं सालाच्या मुळाशी बांधलेलं आहे. साल गेला की तेही गेलं.

लाकडाचं थोडक्यात सांगतो. रेल्वेच्या रुळांखाली वर्षानुवर्षं सालाचे स्लीपर टिकले ते गाभ्याच्या लाकडामुळे. बाहेरचं फिकट लाकूड वाळवी खाते, ते काढून टाकावं. कापलेलं लाकूड उन्हात टाकलं तर फाटतं. सावलीत, मध्ये पट्ट्या देऊन रचावं. खिळा मारण्याआधी गिरमिटाने भोक पाडावं.

विहारासाठी साल मागतील तेव्हा

लुंबिनीत बुद्धांचा जन्म आणि कुशीनगरला महापरिनिर्वाण, दोन्ही सालवृक्षांच्या सोबतीने झाल्याचं परंपरा सांगते. त्यामुळे नागपूर-भंडाऱ्याकडून मंडळी विहाराच्या अंगणासाठी साल मागायला येतील. पुष्कळ ठिकाणी साल म्हणून कैलासपती लावलेला असतो. खोडाला लटकणारी तोफगोळ्यासारखी फळं आणि मोठी गुलाबी फुलं असलेलं ते झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. सालाची फुलं बारीक, पिवळसर, झुपक्यांनी येतात. आदराने फरक दाखव, जूनमध्ये ताजं बी दे आणि पहिली काही वर्षं वरचा शेंडा वाळला तरी उपटू नका, हे बजावून सांग.

वही ठेव

कुठल्या नाल्याकाठी साल कधी फुलला, बी कुठल्या तारखेला पडलं, भुंगा पहिल्यांदा कधी दिसला, कुठल्या खुंटावर किती फुटवे राखले, हे सगळं लिहून ठेव. तुझी बदली होईल, पण तू राखलेलं रोप तोवर गुडघाभरच असेल. सालाचं काम एका नोकरीत संपत नाही. म्हणून निघायच्या दिवशी ती वही नव्या गार्डच्या हातात दे, त्याला बीटभर फिरवून प्रत्येक जागा दाखव आणि गावातल्या म्हाताऱ्यांशी त्याची ओळख करून दे. एवढं केलंस की बदलीचा कागद खुशाल घे.