लोकसंग्रह : पाटाच्या मुखाशी होणारी परीक्षा

मनुष्यसमाज कशाच्या बळावर एकत्र टिकतो, असे विचारले असता दोन उत्तरे सहज पुढे येतात. कोणी म्हणतो, दंडाच्या भयाने. कोणी म्हणतो, परस्परांच्या स्वार्थाने. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. परंतु दोन्ही अपुरी आहेत. प्रत्येक दारी पहारेकरी उभा करणे कोणत्याही राज्याला शक्य नाही, आणि उभा केलाच तर त्या पहारेकऱ्यावर कोण पहारा ठेवील? स्वार्थाचा धागाही तितकाच कच्चा आहे. ज्याला दुसऱ्याची गरज आहे तोच त्याने बांधला जातो. ज्याची गरज संपली, ज्याच्या हाती बळ आले, त्याला तो धागा बांधून ठेवू शकत नाही. समाजाची खरी कसोटी अशा मनुष्यापाशीच लागते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीभगवान नेमक्या याच मनुष्याचा विचार करतात. ज्याला स्वतःसाठी काही मिळवायचे उरले नाही, त्याने कर्म का करावे? जनकादिकांचे उदाहरण देऊन भगवान उत्तर देतात, लोकसंग्रहासाठी. येथे ‘संग्रह’ म्हणजे माणसांची गर्दी जमविणे नव्हे, अनुयायी गोळा करणे तर नव्हेच. लोकांना एकत्र धरणे, त्यांना आडमार्गाला जाऊ न देणे, हा त्याचा आशय होय. ‘धर्म’ शब्दाच्या मुळाशीही धारण करणे हाच अर्थ आहे. श्रेष्ठ पुरुष जसा वागतो तसे इतर वागतात, हे सांगून भगवान स्वतःकडेच बोट दाखवितात. तिन्ही लोकांत अप्राप्त असे काही नसूनही ते कर्मात राहतात. कारण ते थांबले तर लोक तोच मार्ग धरतील.

हे तत्त्व शेतीच्या पाण्याकडे पाहिले असता चटकन स्पष्ट होते. खानदेशात पांझरा आणि तिच्यासारख्या इतर नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धती चालत आली. नदीला बंधारा घालावा, पाटाने पाणी वळवावे आणि भिजणाऱ्या जमिनीचे मोठे भाग, म्हणजे फड, पाडावे, अशी ही रचना. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावे आणि कोणता फड पडीत ठेवावा, हे पाण्याचा अंदाज घेऊन सर्वांनी ठरवावयाचे. एका फडात सर्वांचे पीक एकच. बहुतेकांची शेते निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे पाणी तुटले तर तोटाही वाटून घेतला जाई. पाणी देण्यास पाटकरी, राखणीस जागल्या. त्यांचा मोबदला पिकातून. पाटाचा गाळ मात्र दरवर्षी सर्वांनी मिळून काढावयाचा.

आता पाटाच्या मुखाशी ज्याचे शेत आहे त्याचा विचार करावा. पाणी प्रथम त्याच्यापाशी येते. खालच्या भागातला गाळ निघाला नाही तरी त्याचे पीक वाळत नाही. रात्री त्याने बांध थोडा फोडला तर पाटकऱ्याला कदाचित कळणारही नाही. पाटाच्या शेवटी असलेला शेतकरी गाळ काढतो, कारण त्याला गरज आहे. मुखाशी असलेला फावडे घेऊन खाली जातो, तेव्हाच सर्वांचा पाट वाहतो. त्याने एकदा हात आखडला की त्याच्या खालचा तेच करतो, त्याच्या खालचाही तेच. आणि अखेर बंधारा शाबूत राहूनही गाव तुटते.

येथे केवळ दंड किती असमर्थ असतो, याचे उदाहरण दक्षिणेत सापडते. तमिळ प्रदेशात तळ्यांची दुरुस्ती गावकऱ्यांनी मिळून करण्याची प्रथा ‘कुडिमरामत्तु’ या नावाने प्रसिद्ध होती. ती ढासळू लागली तेव्हा मद्रास इलाख्यात 1858 साली सक्तीच्या श्रमाचा कायदा करण्यात आला. परंतु कायद्याने ती प्रथा पूर्वीसारखी उभी राहिली नाही. जे काम आपले म्हणून होत होते, ते केवळ सक्तीने होईना.

पांझरेच्या काठावरील धुळे शहराच्या तुरुंगातच 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढे 1951 साली पोचमपल्ली येथे भूदानास आरंभ झाला, तेव्हा विनोबांनी आपली मागणी ज्याच्यापाशी भूमी होती त्याच्याकडेच नेली. लोकसंग्रहाचा आरंभ मुखापासून व्हावयाचा असतो, हेच त्यातून दिसते.

येथे एक शंका उपस्थित होते. लोकसंग्रहाच्या नावाने दुर्बलालाच सोसावयास सांगितले गेले नाही काय? होय, अनेकदा तसे घडले आहे, आणि ते नाकारणे सत्यास धरून होणार नाही. फड पद्धतीतही पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाई. भूमिहीनाला त्यात वाटा नव्हता. परंतु तिसऱ्या अध्यायात आदर्श घालून देण्याचा भार श्रेष्ठावर ठेवला आहे. त्यागाचा उपदेश तळाच्या मनुष्याला करून श्रेष्ठाने मोकळे व्हावे, असे तेथे कोठेही नाही. म्हणून जी व्यवस्था कोणाला वाट्याबाहेर ठेवते, ती तितकी अपुरीच समजली पाहिजे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या विस्तारावर न ठरता घरातील माणसांच्या संख्येवर ठरला आणि भूमिहीनालाही हक्क मिळाला. जुने सूत्र अशा रीतीने अधिक शुद्ध होत जाते.

गृहस्थाने हे सूत्र प्रथम आपल्या घरात पाहावे. घर हाही एक पाटच आहे. मिळकत, मान, विश्रांती आणि ताटातला पहिला घास, यांचे मुख कोणाकडे आहे? जो मिळवितो, ज्याचा शब्द चालतो, तोच बहुधा मुखाशी बसलेला असतो. शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला काय उरते, वृद्ध पित्याच्या औषधाची आठवण कोणाला राहते, घरकाम करणाऱ्या बाईचे वेतन वेळेवर जाते की नाही, याची विचारपूस त्याने करावी. केवळ स्वतःपुरते शिजविणाऱ्याला भगवंतांनी पापाचा भागी म्हटले आहे. सर्वांचा वाटा देऊन उरलेले घेणे हा यज्ञ होय. असे घर कोणी न सांगताही एकत्र राहते. कारण मुलगा उपदेशापेक्षा बापाचा हात पाहतो.

मननासाठी

1. माझे शेत कोणत्या पाटाच्या मुखाशी आहे? घर, कार्यालय, शेजार, प्रत्येक ठिकाणी हे पाहावे.

2. ज्या कामाचा लाभ मला नाही, परंतु ज्यावाचून दुसऱ्याचे अडते, असे एक तरी काम आज माझ्या हातून झाले काय?

3. कोणी पाहत नसताना मी बांध फोडतो काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला निर्भयपणे देता येते, त्याच्या हातून लोकसंग्रह घडू लागला आहे, असे समजावे.